मशीनची तूट आणि पोरीची तूट

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या एका मोठ्या किराणा बझारच्या मालकांचा फोन आला. "पत्रकार साहेब, या एकदा. कॅशचं ऑटोमॅटिक मशीन बसवलंय. फोटोसकट एक बातमी होऊन जाऊ द्या." गेलो. चहा झाला, फोटो झाला, चार ओळींची बातमी दिली, छापूनही आली. पण त्या दिवशी आणि नंतर तीन-चार वेळा मुद्दाम जाऊन जे बघितलं ते त्या चार ओळींत बसणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. लांबलंय जरा, सवडीनं वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. गावातल्यांना कळेलच, पण मुद्दा त्या एका दुकानाचा नाहीये.

आधी मशीन काय आहे ते सांगतो. काउंटरखाली एक लोखंडी कपाट. वर नोटा घालायचं तोंड आणि बाजूला नाण्यांसाठी वाटीसारखा खळगा. बिल झालं की आकडा मशीनला आपोआप कळतो. गिऱ्हाइकानं दिलेली नोट काउंटरवरची पोरगी त्या तोंडात सरकवते. मशीन ती आत ओढून घेतं, खरी-खोटी तपासतं, किती रुपयांची ते ओळखतं आणि जेवढे परत द्यायचे तेवढे सुट्टे बाहेर टाकतं. आधीच्या गिऱ्हाइकाची शंभराची नोट पुढच्याला मोड म्हणून मिळते, त्यामुळे सारखी भर घालावी लागत नाही. बँकेच्या एटीएमच्या खोलीत पैसे भरायचं आणि काढायचं एकच मशीन असतं ना, त्याचंच हे धाकटं भावंड समजा. रात्री गल्ला मोजायची भानगड नाही. बटण दाबलं की चिठ्ठी येते, पाचशेच्या इतक्या, दोनशेच्या इतक्या, एकूण इतके. किल्ली शेठकडे. दुकानात चार काउंटर आहेत, त्यातल्या एकावर हा प्रयोग चालू आहे.

काही मित्र म्हणाले, आता भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे, रोकडीचं मशीन घेऊन काय करायचंय? तसं नाहीये. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा देशात चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. आज तो आकडा ३५ लाख कोटींच्या पुढे आहे. यूपीआय वाढलं, तशी रोकडही वाढली. आमच्याकडे बाजारच्या दिवशी तर विचारूच नका. खेड्यावरून आलेली माणसं टेम्पोचं भाडं, पेंड, किराणा सगळं रोखीत करतात. त्या दिवशी चारही काउंटरचे गल्ले दुपारपर्यंत भरून वाहतात, आणि तरीही दहाची मोड म्हणून चॉकलेटं द्यायची वेळ येते. (चॉकलेट हे काही चलन नव्हे. पण आपण सगळ्यांनी ते मुकाट्यानं स्वीकारलेलं आहे.)

आता हे सगळं मी का सांगतोय, तर मी स्वतः गल्ल्यावर बसलेला माणूस आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा, २००२ च्या आसपास, एका कापड दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर बसायचो. पगार १५०० रुपये. एका रात्री हिशेबात ५०० कमी आले. तीनदा मोजलं, खिसे उलटे करून दाखवले, गादी उचलून बघितली. शेठ काही बोलले नाहीत. महिनाअखेरीला हातावर १००० ठेवले. चार महिन्यांनी शेठचा पोरगा हसत हसत म्हणाला, "अरे ते मीच घेतले होते, गाडीत पेट्रोल टाकायला, चिठ्ठी ठेवायची राहिली." संपला विषय. पैसे परत आले नाहीत. मीही मागितले नाहीत, कारण तोपर्यंत मला दुसरं काम मिळालं होतं आणि मागायची लाजही वाटली. पैशापेक्षा ते चार महिने लक्षात आहेत. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायची. आईनंसुद्धा एकदा विचारलं होतं, "खरंच घेतले नाहीस ना रे?"

त्यामुळे मशीन बघितल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे तेव्हा असतं तर! ते कपाट कधी उघडलं, कुणाच्या किल्लीनं उघडलं, याची नोंद राहते. शेठच्या पोराचं पेट्रोल त्या चिठ्ठीवर आलं असतं. म्हणून "मशीन आलं, माणूस गेला" असं रडगाणं मी गाणार नाही. मोजणं हे माणसानं करण्यासारखं काम नाहीच. रात्री साडेनऊला दमलेल्या डोळ्यांनी तर नाहीच नाही.

गल्ल्याच्या यंत्राचा जन्मच मुळात संशयातून झालाय, हे कमी लोकांना माहीत असेल. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. नोकर गल्ल्यातले पैसे लांबवतात म्हणून तो वैतागला होता. त्यानं १८७९ साली पैसे नोंदणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं नाव काय ठेवलं, तर 'रिटीचा न बिघडणारा कॅशियर', म्हणजे लाच न खाणारा, न फसणारा. पुढे अशा यंत्रांना घंटी लागली. गल्ला उघडला की टिंग वाजणार आणि आतल्या खोलीत बसलेल्या मालकाला कळणार. ती घंटी गिऱ्हाइकासाठी नव्हती बरं का. आज जे कपाट आमच्या पेठेत आलंय ते त्याच घंटीचं पणतू आहे. प्रश्न एवढाच आहे की दीडशे वर्षांनंतरही घंटी फक्त एकाच बाजूला वाजणार का?

त्या दुकानात रात्री काय होतं ते सांगतो. नऊच्या सुमाराला शटर अर्धं खाली येतं. चार पोरी (दोन लग्न झालेल्या, दोन अजून कॉलेजच्या वयाच्या) आपापला गल्ला घेऊन मागच्या टेबलाशी बसतात. दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. नाण्यांचे मनोरे. बाहेर कुणाचा भाऊ मोटारसायकल घेऊन थांबलेला, कुणाचा नवरा सारखा फोन करतोय. कॉम्प्युटर म्हणतो १८,४६०, टेबलावर भरतात १८,३४०. परत मोजा. परत १८,३४०. मग वहीत सही, तूट १२०. ती वही मी बघितली. साधी दोनशे पानी वही आहे, वर कुंकवाचं बोट लावलेलं. एका पानावर एकाच पोरीच्या नावापुढे महिन्याला ६४० रुपये कापल्याची नोंद आहे. तिचा पगार इथे लिहीत नाही. लिहिला तर त्यावर दुसरी पोस्ट लिहावी लागेल.

जास्त भरले तर? मी विचारलं. "जास्त भरले तर जमा करून घेतो," शेठ म्हणाले. म्हणजे कमी पडले तर पोरीचे, जास्त आले तर दुकानाचे. हे फक्त यांचं नाही, गावातल्या बहुतेक दुकानांत, पेट्रोल पंपावर, मेडिकलमध्ये हाच रिवाज आहे, आणि तो इतका जुना आहे की त्यात काही चुकतंय असं ना मालकाला वाटतं ना नोकराला.

कायदा मात्र वेगळं सांगतो. पगारातून पैसे कापण्याबद्दल १९३६ च्या वेतन कायद्यात तरतूद होती आणि २०१९ साली संसदेनं मंजूर केलेल्या वेतन संहितेतही ती आहे. ज्या पैशांचा हिशेब देणं हे नोकराचं काम आहे ते पैसे कमी पडले, तर कापता येतात, नाही असं नाही. पण ते नुकसान थेट त्या नोकराच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेलं असावं लागतं. कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आणि जेवढं नुकसान त्याहून एक रुपया जास्त कापता येत नाही. "वहीत सही घेतली" म्हणजे संधी दिली असं होत नाही. दुसरं, शटर पडल्यावर गल्ला मोजण्यात जाणारा पाऊण तास हाही कामाचाच वेळ आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचण्याची व्यवस्था मालकानं करायची असते. मोटारसायकल घेऊन थांबलेला भाऊ ही मालकानं केलेली व्यवस्था नव्हे.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट.

मशीन बसून अकरा-बारा दिवस झाले असतील. एका रात्री मशीनच्या काउंटरवर बटण दाबलं, चिठ्ठी आली, आणि बिलांच्या हिशेबात २०० रुपये कमी! मी त्या दिवशी तिथेच होतो, योगायोगानं. काउंटरवरच्या पोरीचा चेहरा पांढरा पडला. पण शेठ शांत. त्यांनी कंपनीला फोन लावला. "मशीनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय, माणूस पाठवा." दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून इंजिनिअर आला, कपाट उघडलं, आतला पट्टा फिरवला, आणि पट्ट्याच्या कडेला दुमडून अडकलेली दोनशेची नोट काढून दिली. सगळे हसले. त्या इंजिनिअरला चहा-पोहे झाले.

त्याच रात्री शेजारच्या, बिनमशीनच्या काउंटरवर १५० रुपये कमी भरले होते. तिथे कुणी इंजिनिअर बोलावला नाही. वहीत सही झाली.

मी हे शेठना तिथल्या तिथे बोललो. म्हटलं, मशीनची तूट आली तर तुम्ही म्हणता मशीनमध्ये बिघाड असेल, शोधू. पोरीची तूट आली तर तुम्ही शोधतच नाही. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही ना साहेब." अहो, पण २०० रुपये कमी आहेत असं खोटंच बोललं होतं की ते!

आणखी एक गोष्ट होतेय, ती जास्त वाईट आहे. मशीनच्या काउंटरवर तूट बंद झाली म्हटल्यावर उरलेल्या तीन पोरींकडे बघण्याची नजर बदलली. "बघा, तिथे एक रुपया जात नाही, मग इथेच कसा जातो?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला. याचं उत्तर सोपं आहे. हातानं मोजताना चूक होते. वीसची नोट दहाच्या गठ्ठ्यात जाते, दोन कोऱ्या नोटा चिकटतात, घाईत शंभरच्या जागी दोनशे परत जातात. बाजारच्या दिवशी एका काउंटरवरून शेकडो वेळा पैसे घेतले-दिले जातात. त्यात एकदा हात चुकला तर ती चोरी नव्हे. मशीननं खरं तर तेच सिद्ध केलंय. माणूस तोच, दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त मोजणं काढून घेतलं तर तूट गेली. म्हणजे पोरी चोर नव्हत्या. त्याच पुराव्याचा अर्थ शेठनी बरोब्बर उलटा लावला.

शेठची बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकांगी आहे. त्यांचे आजोबा रोजमेळ लिहायचे, तेव्हा दुकानात घरचीच माणसं. आता तीस-बत्तीस माणसं कामाला. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं खरंच हात मारला होता. गिऱ्हाईक गेलं की बिल रद्द करायचा आणि रोकड खिशात. खोट्या नोटांचं दुखणं वेगळंच. बँकेत भरणा करायला गेलं आणि त्यात एखादी खोटी निघाली, की बँक त्यावर शिक्का मारून ती ठेवून घेते. भरपाई शून्य. नियमच तसा आहे. ते नुकसान दुकानाचं. मशीन खोटी नोट तोंडातूनच परत फेकतं, हा फायदा मोठा आहे, आणि त्याबद्दल मी मशीनच्या बाजूचा आहे. पण शेठ, बिल रद्द करायची चोरी हे मशीन एकटं पकडत नाही हो. मशीनला फक्त एवढंच कळतं की माझ्या पोटात काय घातलं आणि काय काढलं. जे घातलंच नाही ते त्याला कसं कळणार? त्यासाठी बिल रद्द करायचा अधिकार कुणाला आहे ते ठरवावं लागतं, रद्द बिलांची यादी रोज बघावी लागते. ते काम माणसाचंच आहे आणि ते मालकाचं आहे.

आता त्या मावशींचं सांगतो. बाजारचा दिवस, मशीनच्या काउंटरला रांग. एका मावशींनी कनवटीची पिशवी सोडून शंभराची नोट काढली. जुनी, मोठ्या आकाराची, घडी पडून मधे चिकटपट्टी लावलेली. पोरीनं नोट तोंडात सरकवली, मशीननं परत ढकलली. सरळ करून घातली, परत बाहेर. तिसऱ्यांदाही तेच. मागचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "खोटी असंल." मावशींचं तोंड उतरलं. "खोटी न्हाई गं बाई, सोसायटीतनं आणलीय." काउंटरवरच्या पोरीनं मग स्वतःच्या पर्समधून शंभराची नोट काढून मशीनमध्ये घातली आणि मावशींची नोट पर्समध्ये ठेवली. "असू दे मावशी, चालते ही. मी बँकेत बदलून घेईन."

ती नोट कायद्यानं चालतेच. जुन्या मालिकेतली शंभराची नोट आजही वैध आहे, आणि फाटक्या-मळक्या नोटा बदलून देणं बँकांवर रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. पण जुनी नोट १५७ बाय ७३ मिलिमीटर, २०१८ पासूनची जांभळट नोट १४२ बाय ६६. मशीनला दोन्ही शिकवाव्या लागतात, आणि चिकटपट्टी त्याला मुळीच आवडत नाही. नाण्यांचं तर अजून अवघड. दहाच्या नाण्यांचे १४ प्रकार चालतात, सगळी खरी, हे रिझर्व्ह बँकेला २०१८ साली जाहीरपणे सांगावं लागलं, कारण दुकानदारच ती घेत नव्हते. आपल्या गावात अजूनही काहीजण घेत नाहीत. आता यंत्रानं नाही म्हटलं तर त्या नकाराला एक वजन येतं. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं, मशीनशी कोण भांडणार? आणि सरकारनं उद्या नव्या नोटा काढल्या की मशीन परत शाळेत पाठवायचं. २०१६ ला देशभरातली एटीएम नव्या आकारासाठी एकेक करून बदलावी लागली, आपण सगळे तेव्हा रांगेत होतो. जपानमध्ये जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या तेव्हा तिथल्या छोट्या खानावळवाल्यांनाही कूपनाच्या मशीनचा खर्च परवडेना. हा खर्च आपल्याकडचा सेल्समन डेमोमध्ये सांगत नाही.

पण त्या पोरीचं बघा. तिच्याच पगारातून तूट कापली जाते, आणि दुकानाचं गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून ती स्वतःचे शंभर घालते. हे मशीनच्या चिठ्ठीवर कुठे येतं?

परवा परत गेलो होतो. शेठ म्हणाले उरलेल्या तीन काउंटरवरही मशीन घ्यायचा विचार आहे, तुमचं मत काय? मी म्हटलं घ्या. खुशाल घ्या. पण ज्या दिवशी मशीन लावाल त्या दिवशी ती दोनशे पानी वही बंद करा, आणि मशीन येईपर्यंत बाकीच्या तिघींचीही बंद करा. रात्रीची चिठ्ठी निघते तिच्या दोन प्रती काढा, एक तुमची, एक काउंटरवरच्या पोरीची. कपाट दिवसात कधी उघडलं तेही त्यावर असू द्या, मग ते तुम्ही उघडलेलं असो की तुमच्या चिरंजीवांनी. मशीन न घेणाऱ्या नोटांसाठी एक साधा डबा ठेवा आणि त्या बदलून आणायचं काम दुकानाचं ठेवा, पोरीच्या पर्सचं नाही. वाचलेला पाऊण तास पोरींना घरी जायला द्या. आणि चार काउंटरच्या चार पोरींच्या दोन करायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा, दिवाळीची गर्दी उरकल्यावर नका सांगू.

चिठ्ठीची दुसरी प्रत द्यायला ते तयार आहेत. डब्याचंही पटलं. वहीबद्दल "बघू" म्हणाले. पोरी कमी करण्याबद्दल काहीच बोलले नाहीत, चहा मागवला.

वहीचा विषय मी सोडणार नाहीये. पेठेतल्या इतर दुकानांत, पंपांवर, मेडिकलांत, हॉटेलांच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे, गेल्या सहा महिन्यांत तुमच्या पगारातून तूट म्हणून किती कापले ते मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव, दुकान काहीही छापणार नाही. नुसते आकडे हवेत. ते घेऊन आधी व्यापारी मंडळींशी बोलणार आहे, आणि तिथे नाही भागलं तर कामगार खात्याकडे लेखी देणार आहे. आत्तापर्यंत सात जणांनी सांगितलंय. त्यातल्या पाच बाया आहेत. सातांपैकी एकालाही कापण्याआधी काही विचारलं गेलेलं नाही.